मैत्रिणी येण्याआधी उशीखाली गेलेली वही

अर्धवर्तुळ

माझ्या मुलीला चौदावे वर्ष चालू आहे. गेली चार वर्षे ती एक वही ठेवते आहे आणि त्या वहीत भुंगेरे आहेत. खरे भुंगेरे टाचलेले नाहीत, कारण वहीसाठी एकही किडा मारायचा नाही असा तिचा स्वतःचाच नियम आहे. दिसलेल्या प्रत्येक भुंगेऱ्याचे पेन्सिलीने काढलेले चित्र, शेजारी मिलिमीटरमध्ये लांबी, पाठीवरच्या कवचाचा रंग, तो कुठल्या पानावर किंवा दगडाखाली सापडला याची नोंद, आणि नाव कळले नसेल तर तिथे एक प्रश्नचिन्ह, असे त्या वहीचे स्वरूप आहे. काही प्रश्नचिन्हे दोन-दोन वर्षांनी खोडून तिथे नाव लिहिलेले आहे, आणि त्या खोडलेल्या जागा मला त्या वहीत सर्वांत जास्त आवडतात.

ही वही नेहमी तिच्या टेबलावर दिव्याखाली पडलेली असायची. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या वर्गातल्या चार मैत्रिणी घरी येणार होत्या. त्या येण्याच्या अर्धा तास आधी मी खोलीत डोकावले, तेव्हा ती वही उशीखाली सरकवत होती. भिंग खणात गेले होते. भिंतीवरचा कीटकांचा तक्ता उतरवलेला होता आणि चिकटपट्टीचे चार डाग तेवढे मागे राहिले होते. तिने माझ्याकडे पाहिले, मी काही बोलले नाही, आणि तिथपर्यंत सगळे ठीक होते.

पुढे जे झाले ती माझी चूक आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मैत्रिणी आल्या, गप्पा रंगल्या, मी पाणी घेऊन आत गेले आणि मला राहवले नाही. "अगं, तुझी वही दाखव की यांना," असे म्हणून मी थांबले असते तरी चालले असते, पण मी स्वतः ती उशीखालून काढून एकीच्या हातात दिली. दोन-तीन सेकंद कोणीच काही बोलले नाही. मग एक मुलगी "ई, किडे!" म्हणून हसली, दुसरीने फोनवर एका पानाचा फोटो काढला, तिसरी त्या फोटोत डोकावली, चौथी नुसतीच पाने उलटत राहिली, आणि माझी मुलगी त्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसून म्हणाली, "लहानपणीची आहे गं, आईनेच जपून ठेवलीये." वहीतली शेवटची नोंद त्याच आठवड्यातली होती.

रात्री ती मला एवढेच म्हणाली की आधी मला विचारायला हवे होतेस. मी माफी मागितली. त्यानंतर वही टेबलावर नाही आणि उशीखालीही नाही. ती कुठे आहे हे मी शोधलेले नाही.

"तू जशी आहेस तशीच राहा" हे वाक्य मी तिला आजवर शंभर वेळा ऐकवले असेल. ते मला इतके सहज बोलता येते, कारण त्या वर्गात रोज सहा तास बसायचे काम माझे नसून तिचे आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले. आपल्यापैकी ज्यांनी या वयातली मुले जवळून पाहिली आहेत, किंवा जे स्वतः अलीकडेच त्या वयातून बाहेर पडले आहेत, त्यांना मला या मंचावर विचारायचे आहे: मूल आपले वेगळेपण स्वतःच झाकू लागते तेव्हा मोठ्यांनी नेमके काय करावे, आणि काय करू नये?

काठावरचा

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. वही उशीखाली सरकवणे ही मला हार वाटत नाही. आपण मोठी माणसे कार्यालयात एका तऱ्हेने बोलतो, घरी दुसऱ्या तऱ्हेने आणि जुन्या मित्रांत तिसऱ्या तऱ्हेने, आणि त्याला कोणी ढोंग म्हणत नाही. चौदा वर्षांच्या मुलीने पाहुणे पाहून मांडणी बदलली, तर तिला मात्र आपण लगेच "दबावाखाली आलेली" ठरवून टाकतो. चारचौघांसारखे वागण्याची ओढ ही काही विकृती नाही. मूल भाषा शिकते, रांगेत उभे राहायला शिकते, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबायला शिकते, ते सगळे इतरांकडे पाहूनच शिकते. ज्याला इतरांचे काहीच वाटत नाही असे मूल मला अधिक काळजीचे वाटेल.

माझ्या मते फरक लपवण्यात आणि सोडून देण्यात आहे. तुमच्या मुलीने वही लपवली, पण त्याच आठवड्यात तिने नोंद केली होती. ज्या दिवशी वही उघडपणे टेबलावर पडलेली असेल आणि शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची असेल, त्या दिवशी हा धागा काढा.

निरभ्र

काठावरचा यांचा लपवणे आणि सोडून देणे हा भेद मला पटतो. मी बरीच वर्षे किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशनाचे काम करते आहे आणि मलाही हाच प्रश्न सर्वांत आधी पडतो. मात्र लपवण्याला काही खर्च नसतो असे मला म्हणता येणार नाही. त्या खर्चाची कल्पना यावी म्हणून एका जुन्या प्रयोगाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तो सांगताना नेहमी अर्धाच सांगितला जातो.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये हे प्रयोग प्रथम प्रसिद्ध केले. सात ते नऊ तरुणांना एका खोलीत बसवून एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते एकेकाने मोठ्याने सांगायचे, इतके ते काम सोपे होते. एकट्याला विचारले तर चूक जवळजवळ होतच नसे. खोलीतला फक्त एक जण खरा परीक्षार्थी होता, तो शेवटी किंवा शेवटच्या आधी बसलेला असे, आणि बाकीचे सगळे आधी ठरवून अठरापैकी बारा फेऱ्यांत एकमुखाने चुकीचे उत्तर देत. त्या बारा फेऱ्यांत खऱ्या परीक्षार्थींची साधारण ३७ टक्के उत्तरे बहुमताच्या बाजूने गेली, आणि सुमारे तीन चतुर्थांश जणांनी एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून इतरांचे उत्तर दिले.

लोक इथेच थांबतात आणि "पाहा, माणूस किती मेंढरासारखा आहे" असे म्हणतात. पण एक चतुर्थांश माणसे एकदाही हलली नाहीत, ही गोष्ट त्याच आकड्यांत आहे. आणि माझ्या कामात ज्याचा उपयोग होतो तो भाग त्यापुढचा आहे. अ‍ॅश यांनी त्या गटात खरे उत्तर देणारा आणखी एकच माणूस बसवला, तेव्हा बहुमतापुढे झुकण्याचे प्रमाण आधीच्या एक चतुर्थांशावर आले. दुसऱ्या एका मांडणीत त्यांनी असा साथीदार बसवला की जो बहुमताच्या विरुद्ध बोलत असे, पण त्याचे स्वतःचे उत्तर बहुमतापेक्षाही अधिक चुकीचे असे. तरीही परीक्षार्थींच्या चुका ९ टक्क्यांपर्यंत खाली आल्या. म्हणजे साथीदार आपल्या मताचा असावा लागतो असे नाही. या खोलीत निराळे बोलूनही माणूस जिवंत राहतो एवढे त्याच्यामुळे दिसते, आणि बहुतेकांना तेवढे पुरते.

तेव्हा तुमच्या मुलीला धैर्याचे धडे देण्यापेक्षा त्या वर्गात आणखी कोण "विचित्र" आहे, याकडे मी लक्ष देईन. त्या व्यक्तीला भुंगेरे आवडायलाच हवेत असे अजिबात नाही.

जाता जाता आणखी एक. किशोरवयात आपल्याकडे सगळे सतत पाहत आहेत असे वाटत राहते, याला डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये "काल्पनिक प्रेक्षक" असे नाव दिले. पुढे २००० साली टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ओशाळवाणे वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. आपला शर्ट निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आला असेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात तो जेमतेम एक चतुर्थांश लोकांच्या लक्षात आला होता. मुलांना हे सांगितले की त्यांना थोडे हलके वाटते.

एकोणीस

मी या धाग्यावरचा बहुधा सर्वांत लहान सदस्य असेन, म्हणून जरा दबकत लिहितो आहे.

निरभ्र ताई, टी-शर्टचा प्रयोग २००० सालचा आहे. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर तो शर्ट विसरला जात होता. अर्धवर्तुळ ताईंनी वर्णन केलेल्या खोलीत एका मुलीने फोटो काढलेला आहे. तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेला असेल, तर तो कोणी कोणी पाहिला हे पाठवणाऱ्याला दिसते, आणि कोणी हसणारा चेहरा पाठवला हे सगळ्यांना नावानिशी दिसते. आमच्या पिढीचा प्रेक्षक काल्पनिक नसतो. त्याची हजेरी लागते.

आता माझे सांगतो. मी आत्ता इथे जसे लिहितो आहे, साधारण तसाच मी तेरा वर्षांचा असताना बोलत असे. लहानपण बरेचसे आजोबांच्या सहवासात आणि त्यांच्या पुस्तकांत गेल्यामुळे माझी वाक्ये पूर्ण असायची, त्यांत "तथापि" आणि "किंबहुना" असायचे, आणि मला त्यात काही वावगे आहे हे माहीतच नव्हते. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात एका मुलाने माझी नक्कल केली. ती नक्कल चांगली होती, मलासुद्धा हसू आले. दुसऱ्या आठवड्यात सगळा वर्ग मला "किंबहुना" म्हणून हाक मारू लागला. कोणी मारले नाही, कोणी वाळीत टाकले नाही, तक्रार करावी असे काहीच घडले नाही. मी तोंड उघडले की चार जण एकमेकांकडे पाहत, एवढेच.

मग मी बोलण्याचा सराव केला. दार लावून आरशासमोर उभा राहून वाक्ये मध्येच तोडायची, शेवटचे शब्द गिळायचे, दर दोन शब्दांमागे "म्हणजे" आणि "असं" घालायचे. महिनाभरात जमले. वर्ष संपेपर्यंत मी त्या नक्कल करणाऱ्या मुलाचाच चांगला मित्र झालो होतो, आणि ही मैत्री खोटी होती असे मी आजही म्हणणार नाही.

माझी अडचण वेगळीच आहे. लपवायची वस्तू वही असेल तर ती उशीखालून पुन्हा काढता येते. मी जे लपवले ते पाच वर्षे न वापरल्यामुळे आता मला बोलताना सापडत नाही. लिहिताना मात्र ते येते. गेल्या महिन्यात आजोबांशी बोलताना ते म्हणाले, "तू आता अर्धेच बोलतोस." मला उत्तर सुचले नाही. त्यामुळे काठावरचा यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की लपवणे आणि सोडून देणे यांत फरक असला, तरी लपवता लपवता कधी सुटले ते आतून कळत नाही.

काठावरचा

मान्य आहे. मी वस्तूंचा विचार करत होतो, सवयींचा केला नव्हता. शेवटची नोंद कधीची ही माझी कसोटी वहीला लावता येते, बोलण्याला लावता येत नाही.

अर्धवर्तुळ

एकोणीस, तुमचा अंदाज बरोबर होता. फोटो गटावर गेला होता. मला ते तुमचा प्रतिसाद वाचून सुचले, म्हणून मी मुलीला विचारले. सात जणांनी हसणारे चेहरे पाठवले, एकाने "नवीन मॅडम आल्या" असे लिहिले, आणि दहा मिनिटांत चर्चा गृहपाठाकडे वळली. ती दहा मिनिटे तिने फोन हातात धरून काढली. "आता कोणाला आठवतही नसेल," असे मी म्हणणार होते, पण निरभ्र यांचा प्रयोग आणि तुमचा आक्षेप दोन्ही एकदम डोक्यात आले आणि मी गप्प बसले. माझ्या आईपणातले हे नवे कौशल्य आहे.

फळा आणि खडू

मी शिक्षिका आहे. वर्गात हे रोज पाहते, म्हणून वर्गापुरतेच बोलते.

निरभ्र यांनी सांगितलेल्या प्रयोगाचीच एक मांडणी अशीही होती की परीक्षार्थीने उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचे. तेव्हा बहुमताच्या मागे जाणे पुष्कळ कमी झाले. मला हे वाचून माहीत होण्याआधी वर्गात ठेच लागून कळले. एक कविता शिकवून झाल्यावर मी विचारले, "कोणाकोणाला आवडली?" एकही हात वर आला नाही. पुढच्या बाकावरच्या एका मुलीचा हात कोपरापर्यंत उचलला गेला होता. तिने मागे पाहिले आणि त्याच हाताने केस सारखे केले. त्या हाताचे ते वळण मला अजून दिसते. दुसऱ्या दिवशी मी नाव न घालता चिठ्ठ्या लिहून घेतल्या. अर्ध्याहून अधिक चिठ्ठ्यांवर कविता आवडल्याचे लिहिले होते, आणि दोघांनी तर ती उतरवून काढली होती. मी चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवल्या तेव्हा खरे आश्चर्य मुलांनाच वाटले.

प्रत्येकाला वाटते की असा मी एकटाच आहे, आणि असे वाटणारे बहुसंख्य असू शकतात. डेबोरा प्रेन्टिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मद्यपानाबद्दल हेच दाखवले होते. तिथल्या मद्यपानाच्या रीतीबद्दल प्रत्येकाला मनातून जेवढा संकोच होता, त्यापेक्षा इतरांना तो कमी आहे असे बहुतेकांनी धरले होते. ज्या बहुमतापुढे मुले वाकतात ते बहुमत पुष्कळदा कोणाचेच नसते.

तेव्हापासून मी हात वर करायला सांगणे जवळजवळ बंद केले आहे. आधी लिहा, मग बोला. सहकारी म्हणतात की यात वेळ जातो. जातो.

फोटोबद्दल मात्र मी इतकी सौम्य राहणार नाही. विचारल्याशिवाय कोणाच्या वहीचा फोटो काढून गटावर टाकणे ही थट्टा नसून खोडी आहे, आणि ती माझ्या कानावर आली असती तर मी कोणाचेही नाव न घेता वर्गात तो विषय काढला असता.

डावखुरा

सगळी चर्चा समवयस्कांच्या दबावावर चालली आहे, म्हणून एक दुसरी बाजू मांडतो. आम्हा पालकांना मुलांच्या मित्रांचा दबाव लगेच दिसतो, कारण तो आमच्या विरुद्ध दिशेने ओढत असतो. आमच्या दिशेने ओढणाऱ्या दबावाला आम्ही संस्कार म्हणतो.

माझे सदस्यनाव पाहिलेत तर लक्षात येईल. पहिलीत माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली जात असे, दिवसातून किती वेळा ते सांगता येणार नाही. ज्या बाई हे करत त्या प्रेमळ होत्या, त्यांचा हेतू चांगला होता, आणि माझ्या घरच्यांची त्याला संमती होती. दहा जणांपैकी साधारण एक जण डावखुरा असतो, त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही, हे तेव्हा त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नसावे. मी उजव्या हाताने लिहायला शिकलो. अक्षर आजही असे आहे की बँकेत माझी सही जुळत नाही. चेंडू मात्र डाव्या हाताने फेकायचो, कारण मैदानात कोणी मोठे माणूस नसायचे, आणि माझा डावा फेक कोणालाच खेळता येत नसल्यामुळे तिथल्या पोरांना तो फार प्रिय होता. म्हणजे माझ्या बाबतीत मला आहे तसा घेणारे समवयस्क होते आणि मुरड घालणारे मोठे होते.

अर्धवर्तुळ, तुम्ही वही लोकांसमोर काढलीत त्यातही थोडे असेच होते असे मला वाटते. "माझी मुलगी वेगळी आहे" हे मिरवण्याची तुमची इच्छा आणि तिला लपवू देणे यांत तुम्ही तुमच्या इच्छेची बाजू घेतलीत. दोन्ही बाजूंनी तिला कोणीतरी ओढतच होते. कडू वाटल्यास क्षमस्व.

अर्धवर्तुळ

कडू आहे, पण खरे आहे. त्या क्षणी मला अभिमान वाटत होता आणि तो अभिमान माझ्या सोयीचा होता.

निरभ्र

डावखुरा यांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये किशोरांच्या ओळखीच्या जडणघडणीच्या चार अवस्था मांडल्या होत्या. त्यांतल्या एका अवस्थेतले मूल वरून अगदी स्थिर, निश्चयी आणि सुखी दिसते, पण त्याने काहीही स्वतः पडताळून पाहिलेले नसते. घरच्यांनी दिलेले अंगरखे त्याने तसेच चढवलेले असतात. अशी मुले माझ्याकडे कोणी घेऊन येत नाही, कारण त्यांची कोणाला तक्रार नसते. ती तिशीत आपली आपण येतात.

वयाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण पालक फार घाबरतात. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि कॅथरिन मोनाहन यांनी २००७ मध्ये १० ते ३० वर्षे वयाच्या ३,६०० हून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून दाखवले की समवयस्कांपुढे न झुकण्याची क्षमता चौदा ते अठरा या वर्षांत सातत्याने वाढत जाते. त्याआधी आणि त्यानंतर तिच्यात फारशी वाढ दिसली नाही. म्हणजे तुमची मुलगी त्या चढाच्या पायथ्याशी उभी आहे. आजच्या तिच्या वागण्यावरून ती कायमची अशीच होणार असा निष्कर्ष काढू नये, आणि चढ चढायला लागण्याआधीच "वर का पोहोचली नाहीस" असेही विचारू नये.

एक सावधगिरीही लिहून ठेवते. काही मुले जे लपवतात ते उघडे पडले तर त्यांना मार बसू शकतो, घराबाहेर काढले जाऊ शकते, शाळा सुटू शकते. अशा मुलांना "मोकळी हो, बिनधास्त राहा" असे सांगणे हा बेजबाबदारपणा आहे. कधी, कोणाला आणि किती सांगायचे हे त्या मुलाच्याच हातात राहिले पाहिजे. आपण फक्त सांगितले तर ऐकणारे एक माणूस व्हायचे, आणि ऐकलेले दुसऱ्याला सांगायचे नाही.

काठावरचा

मूळ मुद्द्यावरून थोडा बाजूला जातो, पण फार नाही. वेगळेपणाचाही गणवेश असतो. माझ्या कॉलेजात "आम्ही कोणासारखे नाही" म्हणणारा एक कंपू होता. सगळ्यांचे केस सारखे वाढलेले, सगळ्यांच्या खांद्याला त्याच कापडाची झोळी, आणि त्यांच्यातल्या एकाने एकदा इस्त्रीचा शर्ट घातला तेव्हा त्याची जी टर उडवली गेली ती आमच्या साध्यासुध्या वर्गात कोणाची उडाली नव्हती. मी त्या कंपूत दीड वर्ष होतो. इस्त्रीचा शर्ट माझा होता. "स्वतःसारखे राहा" हा आदेश झाला की तोही पाळावा लागतो, आणि तो पाळला जातो आहे की नाही हे तपासणारे लोक आपोआप तयार होतात.

एकोणीस

काठावरचा, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात हे का नाही लिहिले?

काठावरचा

चारचौघांत एकदम कसे लिहिणार?

अर्धवर्तुळ

दोन आठवड्यांनी परत लिहिते आहे. ज्यांनी खरडवहीत, म्हणजे माझ्या इथल्या संदेशपानावर, चौकशी केली त्यांचे आभार.

निरभ्र यांनी सांगितल्याप्रमाणे मी फक्त लक्ष ठेवले, विचारले काही नाही. त्या दिवशी जी चौथी मुलगी गप्प बसून पाने उलटत होती, तिचा गेल्या रविवारी माझ्या मुलीला स्वतंत्र संदेश आला. गटावर नव्हे. सोबत खिडकीच्या जाळीवर बसलेल्या एका किड्याचा फोटो होता आणि खाली एकच ओळ होती, "हा तुझ्या वहीत आहे का?" माझ्या मुलीने जे उत्तर लिहिले ते लिहायला तिला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात तिने दोनदा भिंग मागितले. ते खणातच होते, तिनेच ठेवलेले.

त्या मुलीबद्दल मी थोडे विचारले. तिला किड्यांत काहीही रस नाही. ती रेल्वेची वेळापत्रके पाठ म्हणते, कुठली गाडी कुठे किती मिनिटे थांबते ते सांगते, आणि वर्गात तिला त्यावरूनच एक नाव पडलेले आहे. हे सांगताना माझी मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, "ते नाव मीही घेतलंय. मागच्या वर्षी. सगळे घेत होते." मग बराच वेळ ती नखाने टेबलाची कड खरवडत बसली. मी तिला "जाऊ दे" म्हणाले नाही आणि "चूक केलीस" असेही म्हणाले नाही. तिने त्या मुलीला याबद्दल काही लिहिले का, ते मला माहीत नाही.

वर्गात त्या दोघी अजून एकत्र बसत नाहीत. मुख्य गटात दोघींपैकी कोणी किड्यांचे किंवा गाड्यांचे नाव काढत नाही. तक्ता भिंतीवर परत आलेला नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की सगळे सुरळीत झाले.

फळा आणि खडू

वर्गात एकत्र बसण्याची घाई नको. शिक्षिकेला सांगून दोघींना एका बाकावर बसवण्याचा मोह झाला, तर कृपया आवरावा. हे मी स्वतः एकदा केले आहे आणि दोघांची बोलाचाल त्याच दिवशी बंद झाली होती.

अर्धवर्तुळ

मोह झाला होता. आवरला.

डावखुरा

ते सगळे ठीक, पण जाळीवर बसलेला तो भुंगेरा कोणता होता?

अर्धवर्तुळ

तो भुंगेराच नव्हता. भुंगेऱ्याच्या पाठीवरची दोन कवचे मधोमध सरळ रेघेत मिळतात. याचे पंख एकमेकांवर चढलेले होते आणि पाठीवर त्रिकोण दिसत होता, म्हणून तो ढेकणाच्या जातकुळीतला, चावून न खाता सोंडेने रस शोषणारा. नेमके नाव अजून लागलेले नाही, आणि वहीत त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह आहे. असे मला सांगण्यात आले. वही मी पाहिलेली नाही.